भारत आफ्रिकेला चिकटलेला होता म्हणतात, त्याचा आमच्या विहिरीशी काही संबंध आहे का?

माणदेशी_७

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्हा. यंदा उन्हाळ्यात जुनी विहीर अजून खोल घेतली. वर चारेक फूट काळी माती, मग मुरूम, आणि मग जो काळा पाषाण लागला तो काही सुटेना, सुरुंग लावून लावून पैसे संपत आले. ३८ फुटांवर एकदम लाल विटकरी रंगाचा हातभर जाडीचा थर लागला, गेरूसारखा, बोटांनी चुरगळतो असा. त्याच्याखाली परत दगडच, पण हा दगड सगळा भोकाभोकांचा आणि भोकांमधे पांढऱ्या, काही हिरवट गारगोट्या. आईनं त्यातली एक धुऊन देवघरात ठेवलीय. पाणी म्हणाल तर मोटर दिवसातनं अर्धा तास चालते, मग फेस येतो.

बायकोचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात. गाडीनं पाच-सहा तासांचं अंतर, पण तिकडं सगळंच वेगळं. दगड लाल, माती लाल, चिऱ्याची घरं, भात, मासळी, पाऊस तर नको म्हणेपर्यंत. आमच्याकडं बाजरी, मटकी आणि मेंढरं, आणि पावसाची वाट बघणं.

मुलगी सातवीत आहे. तिनं कुठंतरी वाचलं की भारत आधी आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया यांना चिकटून होता आणि मग सुटून इकडं आला. परवा विहिरीच्या काठावर बसून मला विचारते, "बाबा, आपण तिकडंच थांबलो असतो तर आपल्या विहिरीला पाणी असतं का?" मी गप्प बसलो. तिला काहीतरी खरं सांगायचंय. कुणाला माहिती असेल तर सांगा, सोप्या भाषेत.

भूजलवाला

दादा, तुमच्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी वीस वर्षं विहिरी आणि बोअरच्या सर्व्हेचं काम करतोय, हजारभर विहिरीत उतरलो असेन, हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता.

संबंध आहे, आणि थेट आहे. क्रमानं सांगतो.

साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया हे सगळं एकच मोठं भूखंड होतं, गोंडवन. ते फुटायला लागलं. भारत आणि मादागास्कर आधी बरोबर सुटले आणि मग साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागं राहिलं, भारत उत्तरेकडं निघाला. आणि निघाला म्हणजे काय वेगानं, वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. ऐकायला कमी वाटतं पण जमिनीच्या हिशोबात ही धाव आहे, आपली नखं वर्षाला तीन-चार सेंटिमीटर वाढतात.

या वाटेवर एक जागा होती जिथं पृथ्वीच्या पोटातनं तापलेला खडक वर येत होता. ही जागा हलत नाही म्हणा, किंवा फारच कमी हलते, पण वरून प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, सरकत जाते. भारताचा पश्चिम भाग तिच्यावर आला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातनं लाव्हा वाहिला. चित्रात दाखवतात तसा शंकूचा डोंगर आणि त्याच्या तोंडातनं आग, तसं नाही. भेगांमधनं पातळ लाव्हा पुरासारखा पसरला, थंड झाला, परत आला, परत थंड झाला, असे थरावर थर. पश्चिमेकडं हे थर मिळून दोन किलोमीटरहून जाड आहेत, नागपूरकडं जाता जाता पातळ होत संपतात. आज ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड शिल्लक आहे, पूर्वी याहून बराच जास्त होता. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच दगडाचा.

आता तुमची विहीर घ्या. तो ३८ फुटांवरचा लाल थर म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ आहे. खालचा लाव्हा थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस पडून तो कुजला, माती झाली, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ती माती त्याच्याखाली दबली. म्हणजे तुम्ही हातानं चुरगळलीत ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची जमीन होती. खालचा भोकांचा दगड म्हणजे त्या जुन्या लाव्हाचा वरचा भाग, वायूचे बुडबुडे वर येता येता दगड घट्ट झाला, बुडबुड्यांची जागा तशीच राहिली, आणि पुढं त्या पोकळ्यांमधे खनिजं असलेलं गरम पाणी फिरून स्फटिक वाढले. पांढरे बहुतेक स्टिल्बाइट, हिरवट असतील तर अपोफिलाइट असू शकतं. जळगाव, नाशिक, पुण्याकडचे हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत, आपल्या सिन्नरला तर खास त्यांचंच संग्रहालय आहे. आईंना सांगा, चांगली जागा दिलीत त्याला.

पाणी का नाही? कारण वाळूत जसं कणाकणांच्या मधे पाणी राहतं तसं या दगडात राहत नाही. लाव्हाच्या थराचा मधला भाग असतो तो घट्ट पाषाण, त्यात पाणी फक्त भेगांमधे. वरचा कुजलेला मुरूम आणि भोकांचा भाग, तिथं थोडंफार मावतं. उत्तरेत गंगेच्या मैदानात शेकडो मीटर गाळ आहे, तोही याच प्रवासामुळं, भारत आशियाला जाऊन धडकला, हिमालय वर आला, हिमालय झिजून गाळ आला. त्यांना गाळ मिळाला, आपल्याला पाषाण. एकाच प्रवासाची दोन टोकं आहेत ही.

आणि पाऊस. तो वेगळा मुद्दा आहे पण मूळ तेच. लाव्हा वाहिला त्याच सुमाराला आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारताच्या पश्चिम काठापासनं तुटून गेला आणि अरबी समुद्र रुंदावत गेला. काठ तुटला तिथं उंच कडा राहिला. तो कडा झिजत झिजत पूर्वेकडं मागं सरकला आणि तोच आपला सह्याद्री. हिमालयासारखा घडी पडून वर आलेला डोंगर नाही हा, हा तुटलेल्या पठाराचा काठ आहे, कोकणातनं बघितला तर भिंत दिसते आणि देशावरनं गेलं तर डोंगर संपतो कधी कळत नाही. समुद्रावरनं येणारे ढग या भिंतीला अडतात. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तुमच्या माणला ५००च्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यात.

म्हणून मुलीला असं सांगा. आपण तिकडंच थांबलो असतो तर हा काळा दगड आपल्या वाट्याला आला नसता, हा कडा नसता, हिमालय नसता, आणि पाऊस आज पडतो तसा पडला नसता. पाणी असतं का नसतं ते राहू द्या, विहीरच वेगळ्या दगडात खणावी लागली असती.

कातळसडा

भूजलवाले सर, सुंदर लिहिलंत. कोकणाकडनं थोडं जोडते.

माणदेशी दादा, तुमच्या सासरवाडीचा लाल दगड आणि तुमचा काळा दगड हे एकाच आईचे. जांभा म्हणजे काळा दगडच, फक्त कोकणातल्या पावसानं आणि उष्णतेनं लाखो वर्षं धुऊन काढलेला. त्यातली बाकीची द्रव्यं वाहून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, म्हणून तो गंजाच्या रंगाचा. चिरेखाणीत ताजा चिरा काढला की तो मऊ असतो, कापता येतो, हवा लागली की कडक होतो. आमच्याकडं घर बांधायला विटा भाजायची गरजच नव्हती, जमीनच विटांची. पण पाण्याचं तुम्हाला वाटतं तसं सुख नाहीये. जांभ्यातनं पाणी झिरपतं आणि समुद्राला मिळतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनसुद्धा एप्रिल-मेमधे आमच्या वाडीत टँकर येतो. माझ्या लहानपणी आई डोंगराखालच्या झऱ्यावर पहाटे चारला नंबर लावायची.

याच सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, आपल्या आधीच्या माणसांनी चित्रं कोरलीत, कातळशिल्पं. काशेळीचा भलामोठा हत्ती, बारसूचा सडा, देवाचे गोठणे. हत्ती, मासे, माणसं, नुसत्या रेषा. कोरणाऱ्यांचं नाव-गाव आपल्याला माहीत नाही, पण त्यांना सपाट मोठा फळा मिळाला तो या दगडानं दिला. मी सड्यावर गेले की दर वेळी अनवाणी जाते.

अजून एक. फलटण-माणकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून आमच्याकडं यायचे, अजूनही येतात. भात कापलेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, शेताला खत मिळायचं, आजोबा बदल्यात भात मोजून द्यायचे. पाऊस यायच्या आत ते वर निघून जायचे, कारण कोकणातला पाऊस मेंढ्यांना झेपत नाही. तुमच्याकडं चारा नाही आणि आमच्या शेताला खत नाही, मधे एक कडा, आणि त्या कड्याच्या दोन्ही बाजूंचे लोक वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखून. मला तर हा सगळा प्लेट वगैरे विषय वाचला की ते मेंढ्यांच्या वाड्यावरचे धनगरमामा आठवतात.

चांदा_जुना

गोंडवन हे नाव आलं कुठून ते कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडचं आहे हे नाव. मध्य भारतातल्या कोळशाच्या आणि जुन्या वाळूखडकाच्या थरांना १८७२ मधे मेडलिकॉट नावाच्या भूवैज्ञानिकानं गोंडांच्या मुलुखावरून हे नाव दिलं, आणि पुढं ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसनं ते अख्ख्या दक्षिणेच्या भूखंडाला लावलं. आज अंटार्क्टिकावर काम करणारा माणूसही गोंडवन म्हणतो आणि त्याला चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, किल्ला माहीत नसतो.

आमच्या जिल्ह्यातला कोळसा हाच. २५-३० कोटी वर्षांपूर्वी हे सगळे खंड एकत्र होते तेव्हा ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं दलदलीत वाढायची, पानं जिभेच्या आकाराची. त्यांचे ठसे चंद्रपूरच्या बाजूच्या थरांत सापडतात, दक्षिण आफ्रिकेत सापडतात, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकात सापडतात. त्याचं बी समुद्र ओलांडून जाण्यासारखं नव्हतं. खंड एकत्र होते याचा हा पहिल्या पुराव्यांपैकी एक. वेगेनर हा मुळात हवामानशास्त्रज्ञ, त्यानं १९१२ मधे खंड सरकतात असं मांडलं तेव्हा असले पुरावे त्याच्या हातात होते, तरी लोकांनी मानलं नाही कारण खंड ढकलतं कोण ते त्याला सांगता आलं नाही. १९३० मधे ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. त्याचं म्हणणं पटायला १९६०चं दशक उजाडावं लागलं, समुद्राच्या तळाची मोजणी झाल्यावर.

माझे वडील खाणीत होते. त्यांनी पानाचा ठसा असलेला एक तुकडा घरी आणला होता, अजून कपाटात आहे. मुंबई-पुण्यात दिवे लागतात त्यात आमच्या या पानांचा वाटा आहे, आणि धूळ आणि ४६-४७ डिग्री ऊन आमच्या वाट्याला. हेही या विषयात यायला पाहिजे असं वाटतं.

घाटवाट_वेडा

@चांदा_जुना तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो थोडा वेळ. बरोबर आहे.

मी ट्रेकवाला माणूस, दगडाचं शिक्षण नाही पण वीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतोय. या लाव्हाला ट्रॅप म्हणतात तो शब्द स्वीडिश आहे, अर्थ जिना. कुठल्याही किल्ल्याकडं लांबनं बघा, कडा-पायरी-कडा-पायरी, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो आणि भोकांचा मऊ थर झिजून पायरी होते. किल्ला बांधणाऱ्यांनी तटबंदी फार कमी ठिकाणी बांधली, कडे आयते होते, नुसता जिथनं चढता येतं तेवढा तुकडा बंद केला. पाण्याची टाकीसुद्धा अशीच, मऊ थर बघून तिथं कोरलेली, म्हणजे त्या लोकांना भूजलवाले सरांचं शास्त्र हातानं माहीत होतं.

आणि लेणी. भाजे, कार्ले, अजिंठा, वेरूळ, हे सगळं या आडव्या थरांमुळं. वेरूळचं कैलास ८व्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली कोरत आणलं, अख्खा डोंगर एकजीव असल्याशिवाय हे करायची हिंमत होत नाही. दगडाला मधे मोठी भेग असती तर शिखर कोरून झाल्यावर खाली काय करणार होते.

घाटांचं तर काय सांगू. कडा शेकडो किलोमीटर सलग आहे, मधे मोजक्याच खाचा. जिथं खाच तिथनं वाट, जिथं वाट तिथं जकात आणि लेणी. नाणेघाटात वर चढून गेलं की तो दगडी रांजण दिसतो, जकातीचा म्हणतात, आणि शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख, त्यात दानाचे आकडे कोरलेत, भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी ते आहेत. खाली कल्याण, सोपारा, तिथनं जहाजं. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर यवनांची नावं आहेत दान देणारे म्हणून. परदेशी व्यापारी या घाटवाटेवरच्या लेण्यात खांबाला पैसे देतो आणि आपलं नाव कोरून घेतो, मला त्या खांबापुढं उभं राहून दर वेळी अंगावर काटा येतो. पुढं १८६३ मधे बोरघाटातनं रेल्वे वर आली ती कार्ल्याशेजारच्या खाचेतनं. आणि त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरला कापूस पाहिजे, आणि खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस मुंबईला. मुंबई पैशानं फुगली त्या चार वर्षांत. लाव्हाची माती आणि लाव्हाच्या कड्यातली खाच, दोन्ही कामाला आली.

आपल्या जुन्या कागदांत गावाचे दोनच भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. मातीच्या रंगावरनं अख्ख्या गावाचा हिशोब.

औसेकर_मंदा

मी लातूरकडची. सगळे लाव्हा आणि लेणी लिहितायत, मला दुसरं सांगायचंय. भारत अजून चालतोय, हे विसरू नका.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. मी नऊ वर्षांची, आमचं गाव किल्लारीपासनं जरा लांब म्हणून आम्ही आहोत. घर हललं तेव्हा आजीनं मला ओढून अंगणात आणलं आणि पिंपळासारखा आवाज येत होता, पानं सळसळतात तसा, पण जमिनीतनं. उजाडल्यावर मामाच्या गावाला गेलो तर गाव नव्हतं. जवळपास १०,००० माणसं गेली त्या पहाटे.

आता बघा, भूकंप रिश्टरवर सहाच्या थोडा वर. एवढ्या भूकंपात जपानात एवढी माणसं मरत नाहीत. आमच्याकडं मेली ती घरांमुळं. दगड फुकट मिळतो, काळा, जड. त्याच्या दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंद भिंती, चुना नाही, मातीत रचलेल्या, वर लाकडी माळवद, म्हणजे सपाट छप्पर, आणि माळवदावर मातीचा थर, दर पावसाळ्याआधी अजून माती. उन्हाळ्यात थंडगार घर. आजी म्हणायची वाड्यात शिरलं की सावलीचा घोट घेतल्यासारखं वाटतं. तीच माती आणि तोच दगड अंगावर आला. जमिनीनं जे दिलं त्याचं घर बांधलं आणि जमीन हलेल असं कुणीच सांगितलं नव्हतं, दख्खन म्हणजे पक्कं, इथं भूकंप होत नाही असंच शाळेत शिकवायचे. १९६७ ला कोयनेला झाला होता, ११ डिसेंबरला, पण तो धरणामुळं म्हणून बाजूला ठेवला.

नंतर तिथं शास्त्रज्ञांनी बोअर घेतलं तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आतच काळा दगड संपला आणि खाली जुना खडक लागला, गोंडवनाच्या आधीपासनंचा. म्हणजे लाव्हा नुसतं पांघरूण. भारत अजून वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडं रेटतोय, तिकडं हिमालयात अडतोय, आणि तो ताण अख्ख्या प्लेटमधे साठतो. कधी कुठं जुन्या भेगेत सुटतो.

पुनर्वसनाची घरं मिळाली पण कितीतरी वर्षं आमच्याकडची माणसं स्लॅबखाली झोपत नव्हती. पत्र्याचं शेड, उन्हाळ्यात भट्टी, तरी तिथंच. माझी मामी अजून दारात झोपते. माणदेशी दादा, मुलीला सांगताना हेही सांगा, पण बेतानं सांगा. घाबरवू नका तिला.

माणदेशी_७

ताई, वाचलं. दोनदा वाचलं. मी तेव्हा पाचवीत होतो, आमच्या शाळेतनं धान्य गोळा करून पाठवलं होतं एवढंच आठवतं. बेतानं सांगेन.

प्रश्नचिन्ह_पुणे

सगळ्यांचं वाचलं, शिकायला मिळालं, पण एक हरकत नोंदवतो आणि मनापासून नोंदवतो. जमिनीनं सगळं ठरवलं असं म्हणत गेलो की माणसांनी केलेलं दिसेनासं होतं.

मादागास्करचंच घ्या, आपला जुना शेजारी. भारतापासनं सुटला, आफ्रिकेपासनं सुटला, आज आफ्रिकेपासनं चारशे किलोमीटरवर. तिथं माणसं कुठनं आली? भाषा बघितली तर बोर्निओकडची. तिथली मलागासी भाषा आग्नेय आशियातल्या भाषांच्या कुळातली आहे, अख्खा हिंदी महासागर ओलांडून होड्यांमधनं लोक आले, नंतर आफ्रिकेतनंही आले आणि मिसळले. खंड कुठं चिकटला होता आणि माणूस कुठनं आला यांचा तिथं काडीचा मेळ नाही. भातशेती घेऊन आले ते, आणि झेबू, म्हणजे वशिंडाचे बैल, आफ्रिकेच्या बाजूनं आले.

दुसरं घरातलं. माण तालुक्यासारखाच पाऊस, तसाच काळा दगड नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हिवरे बाजारला. तिथं गावानं बसून ठरवलं की शेतीसाठी खोल बोअर मारायचं नाही, ऊस घ्यायचा नाही, डोंगरावर चर खणायचे, पाऊस मोजायचा आणि त्यावर पिकं ठरवायची. पोपटराव पवार सरपंच झाले १९८९ ला, आणि गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. आणि तोच दगड, तोच पाऊस असलेल्या कितीतरी ठिकाणी कालवा आला की आधी ऊस लागतो आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. यात कुठली प्लेट आली? यात ग्रामसभा आली, कारखाना आला, कालव्याचं गेट कुणाच्या हातात ते आलं.

लातूरच्या ताईंनीच लिहिलंय की माणसं घरांमुळं गेली. घर कसं बांधायचं हे गरिबीनं ठरवलं, दगडानं नाही, सिमेंट आणि लोखंड परवडत असतं तर तोच दगड धरून राहिला असता. आणि चांद्याच्या काकांचं ऊन आणि धूळ, वीज मुंबईला आणि धूर चंद्रपूरला हेही ग्लॉसोप्टेरिसनं ठरवलेलं नाही.

भूजलवाला

मान्य. पूर्ण मान्य. मी फक्त एवढंच म्हणेन की हिवरे बाजारनं जो नियम केला तो दगड समजून केला. खाली समुद्र नाहीये, मुरमात आणि भेगांत मावतं तेवढंच आपलं, हे एकदा कळलं की बोअरबंदी ही जाच वाटत नाही. बाकीच्या गावांत मी पाणाड्याच्या, म्हणजे हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्याच्या, शब्दावर सहाशे-सातशे फूट बोअर मारलेली बघतो, कर्ज काढून, कोरडी. त्या माणसाला कुणीतरी आधी दगड दाखवायला पाहिजे होता.

तुळसवृंदावन

छोटंसं. आईंनी गारगोटी देवघरात ठेवली वाचून लिहावंसं वाटलं. आपल्या देवघरात शाळिग्राम असतो, तुळशीच्या लग्नात नवरदेव, तो येतो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातनं. आत चक्र असतं ते अमोनाइटचं, समुद्रातल्या शंखवाल्या प्राण्याचं. भारत आणि आशियाच्या मधे टेथिस नावाचा समुद्र होता, त्याच्या तळाचा चिखल दोघांच्या मधे चेपून वर उचलला गेला, आणि नदी तो फोडून शाळिग्राम खाली आणते. माझ्या सासूबाईंकडचा चार पिढ्यांचा आहे. हे कळल्यापासनं त्याला आंघोळ घालताना माझा हात जास्तच हळू होतो. श्रद्धा कमी झाली नाही, उलट वाढली.

दूरदेशी_अनघा

मी कामानिमित्त दोन वर्षं मॉरिशसला होते, त्यावरनं एक गोष्ट सांगते, कारण हा थ्रेड त्याशिवाय पुरा होणार नाही असं मला वाटतं.

भूजलवाल्या सरांनी सांगितलेली ती तापलेली जागा, जिच्यावरनं भारत गेला, ती संपली नाही. भारत उत्तरेला सरकत गेला तशी मागं समुद्राच्या तळावर तिची रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या खालचा डोंगर, मग मॉरिशस, आणि आज ती जागा रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजून उसळतो, मॉरिशसपासनं दोनशे किलोमीटरच्या आसपास. मॉरिशस बेट ८०-९० लाख वर्षांपूर्वी तिनंच घडवलं. म्हणजे आपला सह्याद्री आणि मॉरिशस एकाच चुलीवरचे, फक्त सह्याद्री फार आधीचा आणि मॉरिशस आत्ताचा.

तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी उसाच्या शेतात उभी होते आणि शेतांच्या मधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, नीट रचलेले, छोट्या पिरॅमिडसारखे. दगड हातात घेतला, भोकाभोकांचा, काळा. मला वाटलं मी जुन्नरला आहे. विचारलं तर कळलं की हे दगड मजुरांनी वेचले. १८३४ पासनं पुढं ब्रिटिशांनी भारतातनं करारावर मजूर नेले, साडेचार लाखांहून जास्त माणसं तिथल्या बंदरातनं उतरली, पोर्ट लुईला तो आप्रवासी घाट अजून आहे, सोळा पायऱ्या. त्यातली काही मुंबई बंदरातनं गेलेली, कोकणातली, घाटावरची मराठी माणसं. ऊस लावायला जमीन मोकळी करायची तर आधी दगड उचला. इथं काळा दगड फोडणारी माणसं समुद्रापार गेली आणि तिथंही काळाच दगड वेचत बसली, त्याच पोटातनं आलेला, आणि त्यांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

त्यांची नातवंडं-पतवंडं भेटली. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, आणि झाकरी नाचतात, ती आपली कोकणातली जाखडीच. एक आजी मला म्हणाल्या आमचे आजे "रत्नागिरीचे", एवढंच, गावाचं नाव पुसून गेलं होतं. मी त्यांना मोबाईलवर कोकणातल्या कड्यांचे फोटो दाखवले. त्यांनी फोटोवरनं बोट फिरवलं आणि खिडकीतनं दिसणाऱ्या डोंगराकडं बोट केलं. "सारखाच," म्हणाल्या.

@प्रश्नचिन्ह_पुणे तुमचं म्हणणं मला पटतं, त्यांना तिथं कुठल्या प्लेटनं नेलं नाही, ब्रिटिशांच्या साखरेनं नेलं. पण तरी.

कातळसडा

अनघा, रडवलंस गं.

माणदेशी_७

काल रात्री मुलीला सगळं वाचून दाखवलं, औसेकर ताईंचं थोडं गाळून. मॉरिशसच्या आजींजवळ आल्यावर ती म्हणाली परत वाच. मग उठून देवघरातली गारगोटी आणली आणि टॉर्च लावून बघत बसली.

भूजलवाले सर, आता कामाचं विचारतो. लाल थराच्या वरच्या अंगानं, उत्तरेच्या बाजूनं, दगडाला ओल दिसते, पाझर म्हणता येईल असा. गाववाले म्हणतात खाली अजून वीस फूट घे, नाहीतर तळात बोअर मार. काय करू?

भूजलवाला

थांबा, घाई करू नका. लाल थर पाणी सहसा खाली सोडत नाही, म्हणून वरचं पाणी त्याच्यावर येऊन आडवं सरकतं आणि तुमच्या विहिरीत पाझरतं. हाच तुमचा झरा आहे. खाली बोअर मारून उपयोग झालाच तर नशीब, पण तळ फोडून वरचं पाणी खाली गेलेलंही मी बघितलंय. आधी एक काम करा. तुमच्या विहिरीच्या उत्तरेला, चढाच्या बाजूला ज्या तीन-चार विहिरी असतील त्यांची पाण्याची पातळी मोजा, काठापासनं पाण्यापर्यंत किती फूट, आणि काठ एकमेकांपेक्षा किती उंच ते अंदाजे. लाल थर कुणाला किती फुटांवर लागला होता तेही विचारा, म्हाताऱ्या माणसांना आठवत असतं. मग उत्तरेकडं आडवं बोअर घ्यायचं का, की वरच्या ओढ्यावर बांध घालून पाणी मुरवायचं ते ठरवू. दुसरं स्वस्त पडतं आणि शेजारच्यांनाही होतं.

माणदेशी_७

वरच्या बाजूला चार आहेत. एक चुलत्यांची, त्यांच्याशी बोलणं बंद आहे तीन वर्षं, बांधावरनं. पण विचारतो. उद्या सकाळी मुलीला घेऊन दोरी आणि टेप घेऊन जातो, रविवारी आकडे टाकतो इथंच.